माझं वाक्य पूर्ण होऊ देणाऱ्या मादामना

तीर्थस्वरूप मादाम,
साष्टांग नमस्कार.

मराठी शाळेत पत्रलेखन शिकवताना बाईंनी सांगितलं होतं, आईवडिलांना 'तीर्थरूप' लिहायचं आणि जे आईवडिलांसारखे असतात त्यांना 'तीर्थस्वरूप'. न्यू जर्सीत दर रविवारी भरणाऱ्या त्या शाळेत हे पाठ करताना मला प्रश्न पडायचा, की मी हे शब्द लिहिणार कुणाला? आईबाबा शेजारच्या खोलीत, आजी स्वयंपाकघरात. पत्र लिहावं असं लांब कुणी नव्हतंच. आज तो शब्द पहिल्यांदा वापरतेय आणि तो तुमच्यासाठी आहे.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. सोबत फ्रेंचमधलं पाठवतेय, पण मूळ पत्र हेच. २०२३ च्या जूनमध्ये, फ्रान्समधल्या तुमच्या घरातल्या माझ्या शेवटच्या रात्री, तुम्ही विचारलं होतंत, "नऊ महिने तू माझ्या भाषेत माझे आभार मानलेस. तुझ्या आजीच्या भाषेत कसे मानतात?" मी म्हटलं, "आभारी आहे." तुम्ही ते दोनदा म्हणून पाहिलंत आणि म्हणालात, "एवढंच?" मग मला सांगावं लागलं, की आमच्या घरात आभार सहसा तोंडाने मानत नाहीत. ताटात आणखी एक पोळी वाढतात, निघताना डबा बांधून देतात. तरी मोठं पत्र लिहीन असा शब्द दिला होता. तो आज पाळतेय. आणि उघडपणे लिहितेय, कारण आपली मुलगी परक्या भाषेच्या देशात शिकायला जातेय म्हणून ज्या घरांत काळजी आहे, त्यांना तुमच्याबद्दल कळावं असं मला फार वाटतं.

सप्टेंबर २०२२ मध्ये मी लियों शहरात शिकायला आले तेव्हा माझ्यापाशी कॉलेजमधलं तीन वर्षांचं फ्रेंच होतं. पुस्तकं वाचता यायची, क्रियापदं पाठ होती. पण बेकरीत 'बोंजूर' म्हणून वाक्याला सुरुवात केली, की तिसऱ्या शब्दाला समोरचा माणूस इंग्रजीत बोलायला लागायचा. वर्गातल्या मुली माझं अडलेलं वाक्य चटकन पुरं करायच्या. हेतू चांगलाच असायचा, मागे रांग असायची, सगळ्यांना घाई असायची. पण दिवसभरात माझं एकही वाक्य माझ्याच तोंडून संपायचं नाही. संध्याकाळी खोलीवर यायचे तेव्हा असं वाटायचं, की माझ्या वतीने दुसरंच कुणीतरी या शहरात राहतंय.

तुमच्या घरातलं पहिलं जेवण आठवतं? मला एवढंच सांगायचं होतं, की माझ्या खोलीच्या खिडकीबाहेरच्या लाकडी झडपांची खिटी लागत नाही. 'खिटी'ला शब्द माहीत नव्हता. मी 'लोखंडाची ती गोष्ट', 'जी फिरते', 'जी बंद करते' असं करत करत चालले होते. तुम्ही सूपचा चमचा खाली ठेवलात. हात मांडीवर घेतलेत. माझ्याकडे पाहत राहिलात, आणि सूप निवलं तरी थांबलात. माझं वाक्य संपल्यावर तुम्ही तेच वाक्य नीट करून, जणू मला दुजोरा द्यावा तसं, परत म्हणालात: "हो, त्या झडपेची एस्पान्योलेत अडकते खरी." मला शब्द मिळाला आणि चूक झाल्याची लाजही वाटली नाही. ते नऊ महिने असंच चाललं. मादाम, तुम्ही माझं वाक्य एकदाही माझ्याआधी संपवलं नाहीत.

पुढे कधीतरी मी कारण विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी पोस्टाच्या खिडकीमागे आयुष्य काढलं. समोरच्याला पुरतं बोलू दिलं नाही, तर त्याचं पार्सल भलत्याच गावाला जातं."

तुमचं घर क्रुआ-रूसच्या टेकडीवर, कान्यूंच्या जुन्या इमारतीत. कान्यू म्हणजे लियोंचे रेशीम विणकर. पहिल्या दिवशी मी त्या चार मीटर उंच छताकडे मान वर करून बघतच राहिले. तुम्ही सांगितलंत, की ही उंची हौसेची नाही, मागाची आहे. जाकारचा माग घरात उभा राहावा, त्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळा टांगता याव्यात, म्हणून एकोणिसाव्या शतकात इथली घरंच तेवढ्या मापाची बांधली. माणसं वर लाकडी माळ्यावर झोपायची, मोठ्या खिडक्यांतला उजेड मागासाठी. त्या मागाच्या आवाजावरून त्याचं नाव पडलं, बिस्तांक्लाक. तुमच्या आजीने तो चालवला होता. तुम्ही मला कान्यूंच्या संग्रहालयात नेलंत, तिथल्या एका बाईंनी माग चालवून दाखवला, धोटा इकडून तिकडे गेला, आणि मला एकदम आजोळ आठवलं. माझी आजी इचलकरंजीची. तिच्या माहेरच्या गल्लीत रात्रंदिवस मागांची खटखट चालायची. ती अमेरिकेत आली तेव्हा सुरुवातीचे काही महिने तिला झोप लागायची नाही, कारण न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनमध्ये रात्री काहीच वाजत नाही. हे मी तुम्हाला परतीच्या वाटेवर सांगितलं. भूतकाळाची तीन रूपं चुकले असेन. तुम्ही त्या चढावर उभ्या राहून ऐकलंत आणि मग १८३१ च्या उठावाची गोष्ट सांगितलीत. ठरलेला दर व्यापारी पाळेनात, म्हणून हे विणकर याच उतारावरून खाली शहरात उतरले होते. 'काम करून जगू, नाहीतर लढून मरू' असं त्यांच्या काळ्या निशाणावर लिहिलं होतं. त्यानंतर वर्गात जाताना त्या पायऱ्या मी कधी नुसत्या उतरले नाही.

माझ्या अमेरिकन मैत्रिणींना 'व्हू' म्हणजे 'तुम्ही' आणि 'त्यू' म्हणजे 'तू' यांची धास्ती होती. इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द, त्यामुळे कुणाला काय म्हणावं याची त्या यादी करायच्या. मला कुणी शिकवावं लागलं नाही. घरी 'तुम्ही' आणि 'तू' ऐकतच मी मोठी झाले. तुम्ही स्वयंपाकघरातून "ऑं मांज?" अशी हाक मारायचात तेव्हा मला ते 'आपण जेवायचं ना?' असंच ऐकू यायचं. ते 'ऑं' म्हणजे आपलं 'आपण'च. त्यात बोलावणाराही असतो आणि बोलावलेलाही. नव्वदीच्या आकड्यांनी मैत्रिणी रडकुंडीला यायच्या. सत्त्याण्णव म्हणजे 'चार वीस सतरा'. माझी आजी अजूनही कधीकधी विसांनी मोजते, चार विसा आणि वर सतरा. इंग्रजीतून शिकलेलं फ्रेंच मराठीतून सोपं झालं, आणि वीस वर्षांची होईपर्यंत घरातली भाषा फक्त घरातच उपयोगी असते असं मी मानत होते, हेही तुमच्याच टेबलाशी माझ्या लक्षात आलं.

पण फोनवर आकडे ऐकून लिहिणं वेगळं. जानेवारीत माझा घसा बसला, ताप आला. तुमचे डॉक्टर फक्त फोनवर वेळ देत. मला वाटलं तुम्हीच फोन कराल. तुम्ही नंबर फिरवलात आणि रिसीव्हर माझ्या हातात दिलात. पलीकडच्या बाई फार भरभर बोलत होत्या. त्यांनी दुसरा एक नंबर सांगितला. तिकडे नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात. 'स्वासाँत', म्हणजे साठ, ऐकून मी सहा लिहिला, मग पुढे 'दीझ-उईत', म्हणजे अठरा, आलं, म्हणजे ते साठ नव्हतंच, अठ्ठ्याहत्तर होतं. खाडाखोड झाली, माझा आवाज कापायला लागला, मी रिसीव्हर तुमच्यापुढे धरला. तुम्ही तो घेतला नाहीत. पाकिटाच्या मागच्या बाजूला एक ओळ लिहून माझ्यासमोर सरकवलीत: 'जरा सावकाश, पुन्हा सांगाल का?' मी ती वाचून दाखवली. बाईंनी सावकाश पुन्हा सांगितलं. गुरुवार, दहा चाळीस.

त्या क्षणी मला तुमचा राग आला होता, हे आज सांगते. घसा दुखत होता, तुम्हाला एका मिनिटात जमलं असतं. फोन ठेवल्यावर तुम्ही शाबासकी दिली नाहीत, काही बोलला नाहीत. आत जाऊन थाइमचा काढा केलात, त्यात मध घातलात आणि माझ्या हातात वाडगा दिलात. माझी आजी तुळस नि आलं घालते, एवढाच फरक. गुरुवारी मी एकटी गेले. डॉक्टरांनी स्वतः दार उघडलं, स्वतःच तपासलं, स्वतःच टाइप केलं, पंचवीस युरो घेतले. अमेरिकेत विम्याशिवाय डॉक्टरकडे जायचं म्हणजे ताप अंगात असतानाच पैशांचा हिशेब सुरू होतो, त्यामुळे मी तो आकडा दोनदा विचारला. तोही मला पहिल्या खेपेला बरोबर ऐकू आला होता.

ते पाकीट माझ्याकडे आहे. व्हिसाची ऑनलाइन नोंदणी, बँकेचं खातं, पत्त्याचा पुरावा, त्या पुराव्यासाठी तुमच्या सहीचं पत्र, जन्मदाखल्याचं अधिकृत भाषांतर, या सगळ्यांत तुम्ही माझ्यासोबत बसलात. त्या कागदांची जाड 'दोसिए' मी परतताना तुमच्याकडेच सोडून आले. पाकीट तेवढं आणलं.

विद्यापीठातल्या पहिल्या निबंधाला वीसपैकी नऊ मिळाले, त्या दिवशी मी घरी येऊन दार लावून घेतलं होतं. आमच्याकडे एवढे गुण म्हणजे नापास, आणि फ्रान्समध्ये बारा-तेरा मिळाले तरी मुलं खूश असतात हे मला ठाऊक नव्हतं. रविवारी तुम्ही तो निबंध मला मोठ्याने वाचायला लावलात, सगळाच्या सगळा. शेवटी म्हणालात, "तू उत्तर छान दिलंस. प्रश्न कुठे विचारलास?" फ्रेंच निबंधात आधी प्रश्न उभा करायचा, मग एक बाजू, दुसरी बाजू, आणि मगच आपलं म्हणणं. हे वर्गात सांगितलंही असेल, पण मला कळलं ते तिथे. पुढच्या निबंधाला तेरा आले.

आता दिव्यांबद्दल.

२४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होतं. मी कुणाला बोलले नव्हते. त्या परिसरात पणती कुठे मिळते माहीत नव्हतं, म्हणून दुकानातून एक मेणाचा छोटा दिवा आणला आणि खोलीच्या खिडकीत लावला. तुम्ही कपडे ठेवायला आलात, दिवा पाहिलात. मला वाटलं, आगीची भीती म्हणून विझवायला सांगाल. तुम्ही विचारलंत, काय आहे आज? मी सांगायला लागले. दिवाळी हा शब्द तुम्हाला माहीत होता, पण अभ्यंगस्नान, फराळ, किल्ला, आकाशकंदील हे सगळं सांगायला मला बराच वेळ लागला आणि मधे कुठेतरी रडू आलं. तुम्ही उठून खोलीतला वीजदिवा बंद केलात आणि परत येऊन बसलात, मी पुढे सांगावं म्हणून. मी पुढे सांगितलं.

मग आला आठ डिसेंबर. तुमच्या गावात १८५२ साली फूर्व्हिएरच्या टेकडीवर मेरीमातेचा पुतळा बसवायचा होता. सप्टेंबरात ठरलेला समारंभ सोन नदीच्या पुरामुळे डिसेंबरवर गेला, त्या दिवशीही वादळ आलं, आणि संध्याकाळी आभाळ निवळलं तसे लोकांनी कुणी न सांगता खिडक्या-खिडक्यांत दिवे लावले. तेव्हापासून लावतात. जगभरचे पर्यटक तिथे मोठमोठ्या इमारतींवरची रोषणाई बघायला येतात, पण तुम्ही म्हणालात, खरा सण खिडकीतला. तुम्ही कपाटातून खोकं काढलंत, रंगीत, खाचांच्या काचेचे छोटे पेले, त्यांत ठेवायच्या बुटक्या मेणबत्त्या. मोजून अर्धे माझ्याकडे दिलेत. "ऑक्टोबरात तुझ्याकडे एकच होता," म्हणालात.

ते वाक्य मी फोनवर आजीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काल दत्तजयंती झाली नि आज तुझ्या खिडकीत दिवे. त्या बाईंना माझा नमस्कार सांग." मी सांगितला. तुम्ही फोनच्या पडद्याकडे पाहून हात हलवलात, तिनं हात जोडले. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. नंतर आपण ग्रांद-कोतच्या चढाच्या माथ्यापर्यंत चालत गेलो, समोरच्या टेकडीवर 'मेर्सी मारी', म्हणजे 'आभार, मेरी', अशी दिव्यांची अक्षरं होती. सगळं शहर जिचे आभार मानतं, तिच्यासमोर तुम्ही डोक्यावरची लोकरी टोपी सारखी केलीत आणि क्षणभर उभ्या राहिलात. मीही राहिले.

त्या हिवाळ्यात गॅस-वीज जपून वापरा म्हणून घरं एकोणीस अंशांवर ठेवायची होती. तुम्ही ते मनापासून पाळलंत. मला तुमचा निळा स्वेटर दिलात, तो मी परत केलाच नाही. पेन्शनच्या कायद्याविरुद्धच्या मोर्च्यांमुळे वसंतात वर्ग बंद पडले, मेट्रो थांबली, तेव्हा तुम्ही चालत खाली मोर्चात गेलात आणि संध्याकाळी आलात ते मोठी पाव-भाजी घेऊन, म्हणजे 'बागेत' नावाचा एक लांब फ्रेंच पाव आणि बाजारातली पालकाची जुडी. पाव मी टेबलावर उलटा ठेवला की तुम्ही तो लगेच सुलटा करायचात. उलटा पाव पूर्वी फाशी देणाऱ्याच्या वाटणीचा असायचा म्हणे. इथे एडिसनमध्येही मी आता पाव उलटा ठेवत नाही. आई विचारते, मी तुमचं नाव सांगते.

फेब्रुवारीत मार्दी-ग्राचा सण आला आणि तुम्ही 'ब्यून्य' करायला घेतलेत. पीठ लाटलंत, मग खणातून एक छोटं दातेरी चाक काढलंत आणि त्याने पिठाचे तुकडे कापायला लागलात. मी ओरडलेच, "कातणं!" तुम्ही दचकलात. आमच्याकडे करंजी कापायला आणि शंकरपाळ्यांना हेच लागतं. तुमची ब्यून्य तळून, वर पिठीसाखर भुरभुरून ताटात आली तेव्हा मी ती खाताखाता शंकरपाळ्यांची कृती सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी आपण त्याही केल्या. तुमच्या मते त्या जरा कडक झाल्या. आजीच्या मते मोहन कमी पडलं.

मे महिन्यात तुम्ही म्हणालात, आता मला 'त्यू' म्हण. मला जमेना. मी कितीतरी वेळ विचार केला, आपल्याकडे हे कसं असतं? शाळेतल्या बाईंना 'तुम्ही', शेजारच्या काकूंना 'तुम्ही', पण आईला 'तू' आणि आजीलाही 'तू'. जी सगळ्यांत मोठी, तिलाच आपण सगळ्यांत जवळच्या शब्दाने हाक मारतो. ते कळलं तरी जीभ वळली नाही. शेवटी पार-दियू स्टेशनवर, गाडीचं दार बंद व्हायच्या आधी, मी म्हणाले, "त्यू व्हा म मांके." एकाच वाक्यात 'त्यू'ही आलं आणि व्याकरणही बरोबर. इंग्रजीतून विचार करणाऱ्यांचं हे वाक्य हमखास उलटं होतं, कोण कुणाला उणं भासतंय ते अदलाबदल होतं. आपल्यात 'मला तुझी आठवण येईल' म्हणतात, आठवण येते ती तुझी आणि येते ती माझ्याकडे. म्हणून मला ते चुकलं नाही. या पत्रात मात्र पुन्हा 'तुम्ही'वर आले. आजी म्हणाली, कागदावर 'तुम्ही'च शोभतं.

आणि आता जे सांगण्यासाठी खरं पत्र लिहायला घेतलं ते. माझी आजी अमेरिकेत अकरा वर्षं आहे. तिला इंग्रजी येतं, सावकाश येतं. मी शाळेत असल्यापासून औषधांच्या दुकानात, बँकेत, दवाखान्यात तिच्या वतीने मीच बोलायचे. फोन लागला आणि ती अडखळली की तो तिच्या हातातून घ्यायचे. मला वाटायचं, मी किती मदत करते. तुमच्याकडून परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिची रक्तदाबाची गोळी संपत आली होती. तिने फोन लावला, "आय हॅव... टू टॅबलेट... ओन्ली टू..." आणि सवयीने रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. हात मांडीवर घेतले. तिने माझ्याकडे जरा रागाने पाहिलं, तो राग मी ओळखला. मग ती पुढे बोलली. नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, महिना आधी की दिवस आधी यात एकदा चुकली, परत सांगितली. पलीकडच्या मुलाने ऐकून घेतलं. फोन ठेवून ती म्हणाली, "उद्या चारनंतर या म्हणाला." आता ती मला विचारतही नाही, स्वतःच लावते. परवा तिने विम्याच्या कंपनीशी वीस मिनिटं वाद घातला आणि जिंकली.

तुमच्या घरातलं दातेरी चाक एका बाजूने झिजलंय, हे मी आजीला सांगितलं होतं. या पत्रासोबतच्या खोक्यात तिचं इचलकरंजीहून आणलेलं पितळी कातणं आहे. तिच्याकडे दोन होती, त्यातलं चांगलं तिने तुमच्यासाठी काढलं. काळं पडलं तर चिंचेने घासायचं. गियोतिएर भागातल्या ज्या दुकानात आपण हरभऱ्याची डाळ घेतली होती तिथे चिंच मिळेल, खालच्या फळीवर असते. नाहीतर लिंबूही चालतं, असं आजी म्हणतेय.

तुमची,
नऊ महिने मागच्या खोलीत राहिलेली